मेन बंद म्हणजे सगळं बंद

३ तारीख, सोमवार

बॅटरी पुन्हा झोपली. काल संध्याकाळी पूर्ण चार्ज केली, मेन स्विच बंद केला, केबिनला कुलूप घातलं आणि घरी आलो. आज सकाळी किल्ली फिरवली तर इंजिन ‘टक्’ म्हणालं आणि गप्प बसलं. शेजारच्या होडीवर इंजिन खोलून बसलेला मेकॅनिक तिथूनच ओरडला, "काका, ढकलून बघा!" पाण्यातली बोट ढकलून सुरू करायची म्हणे. या प्राण्याला अख्खा धक्का ‘वंगण’ म्हणतो. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत नसेल.

तर आजपासून ही वही. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. प्रत्येक लिफ्टची नोंदवही असायची: बिघाड काय, उपाय काय, खाली सही. निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं, त्यात नोंद करण्यासारखं काही घडलं नाही. जे घडलं ते, हिच्या म्हणण्याप्रमाणे, सोफ्यावर घडलं.

बोट माझ्या सासऱ्यांची. लाकडी, वीस फुटांची, मध्ये उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी केबिन. तिच्यातून ते खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठाला न्यायचे. ते गेले आणि बोट अकरा महिने काठावर ओंडक्यांवर पडून राहिली. माझ्या मेव्हण्याचं हॉटेल आहे. त्याला ती हॉटेलच्या दारात हवी आहे. रंग द्यायचा, आत माती भरायची आणि फुलझाडं लावायची! हिने ते ऐकलं आणि दोन दिवस धड जेवली नाही. शेवटी बहीणभावात ठरलं की वीस तारखेला बंदर कचेरीची तपासणी आहे, त्यात पास झाली तर बोट पाण्यात राहील आणि हिची होईल. नाही झाली तर कुंडी. परवा, एक तारखेला, ती क्रेनने पाण्यात सोडली.

मी छातीठोकपणे सांगितलंय, पास करून दाखवतो. आयुष्यभर माणसं वर-खाली नेली. आडवी न्यायला असं काय लागतं!

४ तारीख, मंगळवार

केबिनच्या दिव्याचं बटण दाबलं की फ्यूज जातो. तीन फ्यूज उडाले. म्हणजे शॉर्ट. वायर हाताने चाचपत गेलो आणि छताशी सापडला गुन्हेगार. सासऱ्यांनी चहाची किटली टांगायला एक हूक मारला होता, तो नेमका वायरीच्या पोटात. इतकी वर्षं दिवा कसा चालला देव जाणे. वायर बदलली, हूक दोन बोटं बाजूला घेतला, दिवा लागला.

घरी येऊन हिला सांगितलं. ही खूप हसली. मग उगाचच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, त्या किटलीचा चहा फार गोड असायचा.

५ तारीख, बुधवार

सकाळी बॅटरी मेलेली. आता मात्र मी इरेला पेटलो. मेन स्विचच खोलला. आत हिरवा गंज आणि मिठाचा थर. बंद केला तरी आतून गुपचूप चालू, अशी त्याची तऱ्हा. नवा बसवला.

आमच्या खात्यात पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं होतं: मेन बंद म्हणजे सगळं बंद. मेन बंद असताना ज्या वायरीत करंट सापडेल ती वायर चोर. त्या एका वाक्यावर मी चौतीस वर्षं काढली आणि माझी बोटं अजून दहाच्या दहा आहेत. प्रकरण मिटलं.

६ तारीख, गुरुवार

मिटलं नाही. बॅटरी मेलेली!

बॅटरीच्या वायरीत मीटर घातला, मेन बंद केला आणि डोळे लावून बसलो. शून्य. दहा मिनिटं शून्य. मी उठणार, तेवढ्यात काटा टुणकन तीन अँपिअरवर गेला, अर्धा मिनिट तिथे थांबला आणि परत शून्य. बोटीने ढेकर द्यावी तसं. वीस मिनिटांनी परत तेच. दुपारपर्यंत एकोणीस ढेकरा मोजल्या. गंमत म्हणजे दर वेळी पायाखाली काहीतरी गुणगुणल्यासारखं वाटतं आणि बाहेर कुणीतरी पाणी ओतल्याचा आवाज येतो. धक्क्यावरची माणसं सदानकदा काहीतरी धुतच असतात.

ही डबा घेऊन आली. काठावरूनच विचारलं, "अहो, फळ्यांखाली पाणी किती आहे? बाबा रोज फळ्या उचलून बघायचे."

मी म्हटलं, "मी वीज बघतोय. पाणी हा माझा विषय नाही." कामाच्या मध्ये बोललं की माझा काटा हुकतो. डब्यात बटाटे होते, छान झाले होते.

८ तारीख, शनिवार

सापडला! सापडला! सापडला!

बॅटरीच्या डोक्यापासून एक तपकिरी वायर निघते. मेन स्विचला साधा नमस्कारही न करता ती बाजूने पळते आणि फळ्यांच्या खाली, इंजिनाच्या पोटाखाली कुठेतरी गडप होते. माझा हात तिथे पोचत नाही. पाण्याच्या पंपाची म्हणावी तर पंपाला पॅनेलवर चांगलं स्वतंत्र बटण आहे आणि ते मेनमधून आलंय. मग ही कुणाची? चोरकनेक्शन, दुसरं काय! चोर शिस्तीचा मात्र होता. वायरीला फ्यूज लावलेला आणि सुतळीने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. सासऱ्यांचं अक्षर: ‘काढू नये.’ काय काढू नये, का काढू नये, काही नाही. सासऱ्यांचा स्वभावच असा होता. लग्नाच्या बोलणीतही ते एवढंच बोलले होते, "बरं."

वंगणला विचारलं, ही वायर कसली? तो म्हणाला, "काका, बोटीत वायर कापायच्या आधी ती कुठे जाते ते बघावं." मी म्हटलं, तू तुझे नटबोल्ट सांभाळ. कापली. दोन्ही टोकांना टेप लावला, व्यवस्थित, खात्याच्या पद्धतीने. मीटर लावून दोन तास बसलो. शून्य. एकही ढेकर नाही. पायाखालची गुणगुणही बंद आणि योगायोग बघा, धक्क्यावरच्या लोकांचं धुणंही आज लवकर आटपलं.

९ तारीख, रविवार

सकाळी बॅटरी बारा पूर्णांक सात व्होल्ट! किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. वंगणने टाळ्या वाजवल्या. घरी आलो तेव्हा ही जिन्यात उभी होती, माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. म्हटलं, "काय बघतेस? झाली बोट तुझी!" तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मेव्हण्याला फोन केला. म्हणाला, "भावोजी, अजून वीस तारीख आहे." मी म्हटलं, तुझी फुलझाडं दुसरीकडे लाव.

११ तारीख, मंगळवार

हिने सकाळी फिरायला जायला सुरुवात केलीये. डॉक्टर तीन वर्षं सांगत होते तेव्हा नाही, आता आपण होऊन, तेही सहाच्या ठोक्याला. कुठे जातेस म्हटलं तर म्हणे धक्क्यापर्यंत. उत्तम. हवा चांगली आहे तिकडची.

चहा पिताना म्हणाली, "अहो, बोटीत पाणी येतंय. मी आज फळी उचलून बघितली. बरंच होतं."

मी तेव्हा पॅनेलवरच्या बटणांसाठी नावाच्या पट्ट्या कापत होतो. ‘पुढचा दिवा’, ‘केबिन’, ‘भोंगा’, ‘पंप’. म्हटलं, बोट आहे, थोडंफार पाणी असायचंच. ‘भोंगा’ची पट्टी वाकडी गेली, परत कापावी लागली.

१३ तारीख, गुरुवार

न्हाणीघरातली निळी बादली दिसत नाही. हिला विचारलं. म्हणाली, वापरात आहे. कसल्या वापरात ते काही सांगेना.

बॅटरी बारा पूर्णांक आठ.

१४ तारीख, शुक्रवार

हिचे खांदे दुखताहेत. फिरल्याने खांदे दुखतात हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. म्हटलं, चालताना हात कमी हलव. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट्याने मलम शोधून आणलं. चपलाही ओल्या होत्या, आणि बाह्या कोपरापर्यंत. दव फार पडतं हल्ली.

आता संध्याकाळीही फिरायला जाते. नाद लागला म्हणजे असा लागावा.

१५ तारीख, शनिवार

बंदर कचेरीचं माहितीपुस्तक पाठ करतोय. दिवे कुठल्या रंगाचे, भोंगा किती वेळा, समोरून बोट आली तर कुठल्या बाजूला व्हायचं. हिला म्हटलं, मला प्रश्न विचार. तिने पुस्तक उघडलंच नाही, तोंडानेच विचारत गेली. माझी सात उत्तरं चुकली असं ती म्हणते. पुस्तक काढून बघितलं तर सातच चुकली होती. नशीब तिचं, अंदाज बरोबर आला.

१७ तारीख, सोमवार

मुलीचा फोन आला, नातवाला ताप आहे आणि जावई परगावी. ही आज संध्याकाळच्या बसने गेली. वीसला सकाळी तपासणीच्या आधी परत येणार.

निघताना जिन्यातून दोनदा मागे आली. "अहो, नीट ऐका. मी नाहीये तर रोज सकाळ-संध्याकाळ फळ्या उचलायच्या आणि पाणी उपसायचं. बादली केबिनच्या मागे आहे. ऐकलंत ना?" मी म्हटलं, ऐकलं. तेवढ्यात बस सुटेल म्हणून मी तिची पिशवी घेऊन धावलो आणि धावता धावता लक्षात आलं की तपासणीला बॅटरी किती वेळ टिकते ते दाखवायला हवं. ही कल्पना मला बसथांब्यावर सुचली. काही वेळा डोकं असं चालतं!

१८ तारीख, मंगळवार

दिव्याची चाचणी सुरू. बॅटरी आता वरच्या फळीवर बसवली आहे, नवा पट्टा लावून. केबिनचा दिवा सकाळी लावला, तो वीस तारखेला सकाळी तपासनिसांच्या समोरच विझवायचा. सलग अठ्ठेचाळीस तास. बघू दे त्यांना.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. बोट आता पूर्वीसारखी डुलत नाही. आधी पाय ठेवला की हिंदकळायची, आता एकदम शांत, घरातल्या जमिनीसारखी. वायरिंग नीट असलं की सगळीकडे फरक पडतो.

१९ तारीख, बुधवार

आत उतरलो नाही. चाचणी चालू असताना हात लावायचा नसतो. धक्क्यावरूनच बघितलं, दिवा ठणठणीत. बोट जरा खाली वाटली. मी म्हटलं, ओहोटी दिसतेय. वंगण म्हणाला, "काका, आत्ता भरती आहे." त्याला तेलापलीकडे काय कळतंय! तो परत काहीतरी सांगायला लागला, पण मला बूट पॉलिशला टाकायचे होते.

ही नसली की घर मोठं वाटतं. अंडी करपली.

२० तारीख, गुरुवार

बोट बुडाली.

चौतीस वर्षांत माझी एकही लिफ्ट मला विचारल्याशिवाय खाली गेली नाही. आज सकाळी आठ वाजता पॉलिश केलेले बूट घालून धक्क्यावर गेलो, तर पाण्याच्या वर फक्त केबिनचं छप्पर आणि खिडक्यांचा अर्धा भाग. तळ चिखलाला टेकलेला. आणि आत, वरच्या फळीवर, बॅटरी कोरडी. दिवा चालू. बुडालेल्या बोटीच्या खिडकीतून झकास पिवळा उजेड पडला होता.

मेव्हणा आधीच आला होता. हातात मोजपट्टी. हॉटेलच्या दाराला किती जागा लागेल ते मोजायला आला असणार. त्याने पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मोजपट्टी गुपचूप खिशात घातली. तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. तिशीच्या असतील, हातात फायली. त्यांनी विचारलं, "बोट कुठाय?"

मी म्हटलं, "हीच." मग म्हटलं, "बॅटरी उत्तम आहे."

मग ही आली. बसमधून उतरून तशीच, हातात पिशवी. मला वाटलं आता धक्क्यावर मटकन बसेल. माझी तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तिने पिशवी मेव्हण्याच्या हातात दिली, चपला काढल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरली. पुढच्या काही तासांत मी जो आवाज ऐकला तो छत्तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. "वंगण, मोठा पंप आण! आणि तू, तो दोर खांबाला बांध, असा नाही, दोन वेढे! ओहोटी लागलीये, काठ उघडा झाला की उपसायला घ्यायचं!" मेव्हणा, जो हॉटेलात सतरा माणसांवर ओरडतो, तो मुकाट्याने दोन वेढे घेत होता. मी म्हटलं, मी काय करू? ती म्हणाली, "दिवा विझवा आधी."

ओहोटीबरोबर पाणी उतरलं, बोटीचा काठ वर आला, पंप आणि बादल्या चालल्या. अकरापर्यंत ती तरंगायला लागली. बाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, पाणी कुठून येतं? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "बोटीच्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो ना, तिथे भरलेली दोरी सुकलीये. दिवसाला तीस बादल्या. लाटा जास्त असल्या की चाळीस. आणि जास्त खाली बसली की वरच्या फळ्यांच्या फटी पाण्यात येतात, मग धो धो."

"तीस, हे तुम्हाला कसं माहीत?"

"रोज उपसते. आठ तारखेनंतर अचानक वाढलं."

बाईंनी वाकून आत बघितलं. "पंपाची आपोआप चालणारी लाइन दिसत नाही. पाणी चढलं की तरंगता खटका पंप चालू करतो, ती वायर. ती थेट बॅटरीवरून येते, मेन बंद असला तरी चालावी म्हणून. तपकिरी असते बहुतेक."

वंगण आभाळात काहीतरी शोधायला लागला.

"ती मी तोडली," मी म्हटलं. "आठ तारखेला."

म्हणजे चोर नव्हताच कुणी. ती बिचारी बॅटरी रात्रभर पाणी उपसून उपसून मरत होती, आणि मी रोज सकाळी तिला शिव्या देत होतो.

मेव्हणा घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे नापास ना?" पण आवाजात जोर नव्हता. बाईंनी फाइल उघडली आणि म्हणाल्या, "तरंगणाऱ्या बोटीची तपासणी करायची असा नियम आहे. मी आले तेव्हा ही तरंगत नव्हती, म्हणजे तपासणी झालीच नाही. नापास व्हायलासुद्धा आधी तरंगावं लागतं. अठ्ठावीसला येते."

२१ तारीख, शुक्रवार

काल घरी आल्यावर हिला म्हटलं, "मला सांगायचं तरी!" ही केस पुसत होती. म्हणाली, "सांगितलं. तीनदा."

मी म्हटलं, शक्य नाही, माझी सगळी नोंद आहे. आज वही काढून वाचली. सहा तारीख, अकरा तारीख, सतरा तारीख. माझ्याच अक्षरात. सतराला तर ‘नीट ऐका’ हेही लिहिलंय, आणि खाली मी बसथांब्यावर सुचलेल्या कल्पनेचं कौतुक केलंय. बादली, खांदे, ओल्या बाह्या, सगळं लिहिलंय. दुसऱ्या कुणी वाचली असती वही, तर त्याला नवव्या तारखेलाच कळलं असतं. तोंडात मारल्यासारखं झालं.

वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, तुझं बरोबर आहे. तीनदा. मग विचारलं, "पण ऐकत नव्हतो तर भांडायचं! हात धरून ओढत न्यायचं! गुपचूप तीस-तीस बादल्या कशाला उपसत बसलीस?"

ती कांदा चिरत होती. म्हणाली, "नऊ तारखेला तुम्ही जिन्यातून शिट्टी वाजवत आलात."

"मग?"

"मग काय! सव्वा वर्षात पहिल्यांदा. त्या सोफ्यावर तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात, मला भीती वाटायची. म्हटलं, यांचं चाललंय ते चालू दे. पाण्याचं मी बघते."

मी शिट्टी वाजवल्याचं वहीत नाही. मला माहीतच नव्हतं. मला रडू आलं, आणि कांद्याचं निमित्तही सांगता येईना, कारण मी दारात उभा होतो.

२३ तारीख, रविवार

बोट काठावर घेतली. दांड्याची जुनी दोरी वंगणने काढली, नवी दोरी चरबी लावून भरली. फटींत कापूस आणि डांबर. मी म्हटलं, आता थेंबही येणार नाही ना? वंगण आणि ही, दोघंही हसली. ही म्हणाली, लाकडी बोटीत थोडं पाणी येतंच, येत राहिलं पाहिजे. म्हणजे काय ते मी विचारून घेतलं. लाकूड ओलं राहिलं की फुगतं आणि फटी धरून ठेवतं. विचारलं की सांगते. मला हे छत्तीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

२५ तारीख, मंगळवार

तपकिरी वायर परत जोडली. जुनी नाही, नवी, जाड, पूर्ण लांबीची. ती कुठे जाते ते आधी बघितलं. त्यासाठी इंजिनाखाली आडवा झालो, तर बाहेर येता येईना. वंगणने पाय धरून ओढून काढलं. "काका, वजन किती!" म्हणाला. आजच्या दिवस त्याला बोलायचा हक्क आहे.

मग माझ्याकडून एक भर घातली. पंप चालला की सुकाणूच्या चाकाजवळ घंटा वाजेल आणि लाल दिवा लागेल. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी असते तसलीच घंटा. किती वेळा वाजली तेही मोजलं जाईल. म्हणजे पाणी वाढायला लागलं तर बोट आपण होऊन सांगेल, आणि तेही ओरडून. हिने बादलीभर पाणी तळाला ओतून बघितलं. घंटा वाजली, ती दचकली, मग परत ओतलं. चार वेळा ओतलं. म्हणाली, "बाबांना फार आवडलं असतं." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवतोय.

२८ तारीख, शुक्रवार

बाई नऊला आल्या. दिवे बघितले, भोंगा ऐकला, तपकिरी वायर बोटाने चाचपली, घंटा वाजवून घेतली. घंटेखाली वाकून म्हणाल्या, "हे कुणी केलं? चांगलं आहे." बाकीच्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही, म्हणून मी म्हटलं, "काय म्हणालात?" त्यांनी परत सांगितलं.

मग म्हणाल्या, "आता त्या काठाला नेऊन परत आणायची. चालवणार कोण?"

माहितीपुस्तक माझं तोंडपाठ आहे. मी एक पाऊल पुढे टाकलंही होतं. पण वंगण माझ्याकडे बघत नव्हता. मेव्हणाही नाही. दोघंही हिच्याकडे बघत होते आणि ही पाण्याकडे. तिचे हात स्वस्थ नव्हते, साडेतीन दशकं ते मी स्वयंपाकघरातच बघितले.

"ही," मी म्हटलं.

तिने ‘नको’ वगैरे काही म्हटलं नाही. तिची पर्स माझ्या हातात दिली आणि चाकापाशी जाऊन बसली. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. "दोर सोडा. मागचा आधी." मी पुढचा सोडला. "मागचा म्हटलं मी!" बाईंच्या देखत. मग मागचा सोडला. मान न वळवता तिने बोट मागे घेतली, दोन होड्यांच्या मधून, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आम्ही मोकळ्या पाण्यात होतो. लग्नाआधी ती सहा वर्षं बाबांच्या जागी ही बोट चालवायची, हे मला मेव्हण्याने काल फोनवर सांगितलं होतं. मी बहुतेक ऐकलं नव्हतं.

धक्क्यावरून हाक आली, "ताई! मला पण घे!" हॉटेलचा मालक बूट हातात धरून धक्क्याच्या टोकाला उभा होता. हिने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, नियमात बसतं. परत फिरलो, त्याला घेतलं. तो पुढच्या टोकाला जाऊन बसला आणि पूर्णवेळ आमच्याकडे पाठ करून बसला. मध्येच एकदा म्हणाला, "दारात ठेवली असती तर रोज दिसली असती, म्हणून म्हणत होतो गं." ही म्हणाली, "रोज बाराच्या फेरीला येत जा."

परत येऊन अशी लावली की बोटीच्या कडेला टांगलेला टायर धक्क्याला घासलाही नाही. मला इतका अभिमान आणि इतकी लाज एकदम कधी वाटली नव्हती. कुठली आधी लिहावी ते कळत नाही.

बाईंनी केबिनच्या छपरावर कागद ठेवून भरला. चालक म्हणून हिचं नाव, पूर्ण. मग पेन माझ्याकडे वळवलं. "आणि हे?"

"मदतनीस," ही म्हणाली.

चौतीस वर्षं मी हेड मेकॅनिक होतो, माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. मी त्या शब्दापुढे सही केली. सही नीट आली.

पहिली फेरी सोमवारी सातला. चालकबाईंनी सांगितलंय की साडेसहाला हजर राहायचं, फळ्या उचलून बघायच्या आणि आधी मागचा दोर सोडायचा. ऐकलं. सगळं शब्दशः लिहिलंय, तिला वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना ते विचारलं. आता गजर लावतो. कामावर जायचंय.